भाच्यासाठी ग्लुटेन-फ्री चॉकलेट कुकीज: दोन घाणे फसले, सुट्टी तोंडावर आली

आत्याबाई

नमस्कार मंडळी. सुट्टीत माझा भाचा दहा दिवस राहायला येतोय. वय ९. पाच महिन्यांपूर्वी त्याला सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन त्याच्या आतड्याला चालत नाही. त्याआधी तो आला की चॉकलेट कुकीजचा डबा त्याच्याच ताब्यात असायचा. झाकण उघडल्याचा आवाज तो आतल्या खोलीतून ओळखायचा. गेल्या महिन्यात एका वाढदिवसाला तो दिसला. सगळी मुलं केकभोवती, आणि हा भिंतीशी, आईने घरून आणलेलं बिस्किट हातात घेऊन. खात नव्हता, नुसतं धरून उभा होता. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून ठरवलंय की यावेळी त्याच्यासाठी वेगळं पाकीट नाही. जी कुकी सगळ्यांना, तीच त्याला, एकाच ताटलीतून. वीस वर्षं मैद्याच्या कुकीज करतेय, त्यामुळे जमेल असं वाटलं होतं. दोनदा केल्या, दोन्ही वेळा फसल्या.

पहिला घाणा: बटर १०० ग्रॅम (वितळवून), साखर २०० ग्रॅम (निम्मी पांढरी, निम्मी ब्राऊन), १ अंडं, मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ १५० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, सोडा अर्धा चमचा, चॉकलेटचे तुकडे १०० ग्रॅम. सहाव्या मिनिटाला ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर सगळ्या कुकीज एकमेकींत मिसळून ट्रेभर एकच पातळ चादर झाली होती. कडेने बटर उकळत होतं.

दुसऱ्या वेळी घट्ट व्हावं म्हणून पीठ ५० ग्रॅम वाढवलं. पसरल्या नाहीत, पण दातांखाली बारीक वाळूसारखी कचकच, आणि ट्रेवरून उचलताना बोटांत भुगा.

माझ्याकडे बारा दिवस आहेत. चव नेहमीसारखी हवी: कडेला खुसखुशीत, मध्ये मऊ. कुठे चुकतंय ते कृपया सांगा.

मंदआच

आत्याबाई, तुमचे दोन्ही घाणे मी स्वतः केलेत म्हणा ना, अगदी याच क्रमाने.

आधी कारण, म्हणजे पुढचं पटेल. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी लागलं की दोघं मिळून ग्लुटेनची जाळी तयार होते. कुकीत ती फार लागत नाही, पण जी थोडी होते ती वितळणाऱ्या बटरला धरून ठेवते आणि भाजल्यावर कुकीला एकसंध ठेवते. तांदळाच्या पिठात ही जाळी नाहीच. त्यात तुम्ही बटर वितळवून घातलंत, आणि साखर पिठाहून जास्त. गरम झाल्यावर साखरही पातळ होते. मग चादर होणारच.

कचकचीचं कारण वेगळं. तांदळाच्या पिठाचे कण मैद्यापेक्षा खरखरीत असतात आणि पाणी अगदी हळू ओढतात. गोळा मळून लगेच भाजला तर ते कण आत कोरडेच राहतात. तेच दातांना लागतं. म्हणून पीठ वाढवणं हा त्यावर उपाय नव्हे, मिश्रणाला वेळ देणं हा उपाय आहे. रात्रभर झाकून फ्रीजमध्ये ठेवा. सगळ्या बदलांतला एकच करायचा झाला तर हाच करा.

आता माझं प्रमाण. वजनानेच घ्या, वाटीने नको. वाटीत प्रत्येक पीठ वेगळं बसतं.

तांदळाचं पीठ (मिळेल तितकं बारीक) ८० ग्रॅम, बदामाचं पीठ ६०, टॅपिओका स्टार्च (कसाव्याच्या कंदाचा) ३०, कोको ३५. झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पूड) पाव छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. बटर ११० ग्रॅम, मऊ पण वितळलेलं नको. ब्राऊन साखर १००, पांढरी ७०. एक अख्खं अंडं आणि वर एक पिवळा बलक. गडद चॉकलेट १२० ग्रॅम, सुरीने ओबडधोबड चिरून.

बटर आणि साखर दोनच मिनिटं फेटा. जास्त फेटलंत तर हवा भरते, कुकी फुगते आणि मग खाली बसते. झँथन गम कोरड्या पिठातच नीट मिसळून घ्या; ओल्या मिश्रणात टाकलात तर गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. आणि गम वाढवायचा मोह टाळा. पाव चमच्याच्या जागी एक चमचा पडला की कुकी रबरासारखी ताणते. बदामाच्या पिठातल्या तेलामुळे कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. नुसत्या तांदळाच्या कुकीज रातोरात दगड होतात.

दुसऱ्या दिवशी ३५-३५ ग्रॅमचे गोळे करा, अठरा-एकोणीस होतील. बेकिंग पेपर लावलेल्या ट्रेवर लांब लांब ठेवा. ओव्हन १७५ अंशांवर पूर्ण तापलेला हवा, गोळे थंड हवेत. ११ ते १२ मिनिटं. कोकोमुळे रंग बघून अंदाज येत नाही, म्हणून कडेला बोट लावून बघा: कड घट्ट लागली आणि मध्ये अजून लुसलुशीत, किंचित ओलसर दिसलं की बाहेर. त्या क्षणी कच्च्या वाटतील, वाटू द्या. ट्रेवरच दहा मिनिटं हलवायच्या नाहीत. ग्लुटेन नसलेली गरम कुकी फार नाजूक असते, निवताना तिला बळ येतं. तुमच्या दुसऱ्या घाण्याचा अर्धा भुगा घाईने उचलल्यामुळेच झाला असावा.

आत्याबाई

किती नीट समजावलंत! खरंच, मी लगेच उलथन्याने उचलल्या होत्या. बदाम त्याला चालतात, वहिनीला विचारून घेतलं. एक शंका: माझ्याकडचा कोको डच प्रोसेस आहे, चालेल ना?

मंदआच

चालेल. डच प्रोसेस कोकोवर अल्कलीची प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे त्यातलं आम्ल जवळजवळ गेलेलं असतं आणि एकट्या कोकोवर सोडा नीट काम करत नाही. पण ब्राऊन साखरेतल्या मळीत थोडं आम्ल आहे. सोडा पाव चमच्यावर आणा आणि बेकिंग पावडर अर्धा चमचा घाला. रंग सुंदर काळसर येईल.

चाळणी

आत्याबाई, मला स्वतःला सीलिअ‍ॅक आहे, अकरा वर्षं झाली. प्रमाण वर छान आलंय, त्यात मी काही घालत नाही. पण तुमच्या एका वाक्याने मला लिहायला बसवलं: "वीस वर्षं मैद्याच्या कुकीज करतेय." म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात वीस वर्षांचा मैदा आहे. कुकी पीठ बदलून ग्लुटेन-फ्री होते, पण सुरक्षित होते ती भांड्यांमुळे.

ग्लुटेन हे प्रथिन आहे, जंतू नव्हे. ओव्हनच्या उष्णतेने ते मरत नाही. साबण-पाण्याने घासूनच काढावं लागतं, आणि काही वस्तूंतून घासूनही जात नाही. सगळ्यात पहिली म्हणजे चाळणी (माझं नाव उगाच नाही हे). उजेडात धरून बघा, जाळीच्या कडेला, जिथे ती पत्र्यात दुमडलेली असते, तिथे पांढरी रेघ दिसेल. तो जुना मैदा. तुम्ही कोको चाळाल आणि तो त्यात पडेल. नवी घ्या. लाकडी चमचे, लाकडी लाटणं, चरे पडलेली प्लास्टिकची भांडी, जुना सिलिकॉनचा उलथना, यातलं काही वापरू नका. स्टील आणि काच नीट घासून चालतं.

आणि बटर! मैद्याचा हात लागलेल्या सुरीने कधी कापलं असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा, नवं पाकीट फोडा. साखरेच्या डब्याचंही तेच, त्यात कधीतरी पिठाचा चमचा गेलेला असतो.

पाकिटं वाचताना "गहू नाही" एवढ्यावर थांबू नका. बार्ली आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतही ग्लुटेन असतं. चॉकलेटमध्ये बार्ली माल्ट असू शकतं, काही बेकिंग पावडरींत गव्हाचा स्टार्च असतो. ओट्स घालायचे झाले तर ग्लुटेन-फ्री असा स्पष्ट छाप असलेलेच घ्या, कारण शेतात, गिरणीत त्यांत गहू मिसळतो. आणि आधी त्याच्या डॉक्टरांना विचारायला सांगा, काही जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. त्या छापाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २० पीपीएम आहे, म्हणजे एका किलोत २० मिलिग्रॅम. यावरून किती थोड्याची गोष्ट आहे ते लक्षात येईल. चिमूटभर मैदा आमच्यासाठी चिमूटभर नसतो.

कुणीतरी म्हणेलच, "एक तुकडा खाल्ला तर काय होतंय, त्याला काही त्रास दिसत नाही." ऐकू नका. त्रास बाहेर दिसला नाही तरी आत लहान आतड्याचं अस्तर दुखावतं. ही अ‍ॅलर्जी नाही, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. त्यावर कडक पथ्याशिवाय उपाय नाही, तेही आयुष्यभर.

एकाच ताटलीबद्दल: तुमची इच्छा वाचून मला भरून आलं. ती पूर्ण करायचा एकच मार्ग आहे. त्या दहा दिवसांत घरात मैद्याची एकही कुकी करू नका. सगळ्यांसाठी याच करा. दोन ताटल्या झाल्या की कधीतरी हात चुकतो, चुरा इकडचा तिकडे जातो, आणि मुलाला ताटली उचलण्याआधी विचारावं लागतं. हे विचारणं फार दमवतं हो. मी अकरा वर्षं विचारतेय.

रानजाई

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे बदाम चालत नसतील तर सूर्यफुलाच्या बियांचं पीठ तेवढ्याच वजनाने घाला. एक सावधगिरी: सोड्याशी संयोग होऊन ते निवल्यावर हिरवं पडतं. खाण्यात अपाय काही नाही, आणि चॉकलेटच्या कुकीत दिसतही नाही, पण साध्या कुकीत दिसलं तर घाबरू नका. अंडं नको असेल तर एका अंड्याला एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. पोत थोडा दाट होतो.

आत्याबाई

चार दिवसांनी येतेय. चाळणीताई, तुम्ही लिहिलंत तशी चाळणी खिडकीशी धरली. रेघ होती. पिवळट, सुकलेली. वीस वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. चाळणी, दोन लाकडी चमचे, लाटणं, सगळं एका खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. नवं स्टीलचं पातेलं आणि चाळणी आणली, त्यांना लाल दोरा बांधून ठेवलाय. ओटा तीनदा पुसला. मैद्याचा डबा शेजारी दिला.

मग मंदआच यांच्या प्रमाणाने मिश्रण केलं आणि मुद्दाम चार गोळे लगेच भाजले, बाकीचं रात्रभर ठेवलं. लगेचच्या चारही पसरल्या, पहिल्या दिवसाइतक्या नाहीत, पण कडा कागदासारख्या, आणि कचकच थोडी होतीच. सकाळी फ्रीजमधून भांडं काढलं तर मिश्रण हाताला वेगळंच लागलं: काल चिकट आणि सैल होतं, आज मळलेल्या मातीसारखं घट्ट, गोळा वळताना तळव्याला रवाळ लागेना. १२ मिनिटांनी कुकीज जाड, वरून भेगा पडलेल्या, भेगांतून चॉकलेट चकाकतंय. दहा मिनिटं मी ओट्यापासून लांब जाऊन बसले, नाहीतर हात गेलाच असता. मोडली तर कड कट्‌कन तुटली आणि मध्ये ओढली गेली. घरात कुणाला न सांगता ठेवल्या. मिस्टरांनी तीन खाल्ल्या आणि "यावेळी जरा जास्त चॉकलेट घातलंस का?" एवढंच विचारलं.

फक्त गोड किंचित जास्त वाटलं. पांढरी साखर ५० केली तर बिघडेल का?

मंदआच

५० चालेल. जरा कमी पसरतील, गोळे तळव्याने हलकेच दाबून ठेवा. ब्राऊनला मात्र हात लावू नका, ओलावा तीच धरते.

आत्याबाई

काल आला तो. चहाच्या वेळी मी मधोमध ताटली ठेवली. सगळ्यांनी उचलल्या, हा हात मांडीवर ठेवून बसला. मग उठून माझ्याजवळ आला आणि हळूच कानात विचारलं, "आत्या, यातल्या माझ्या कुठल्या?" म्हटलं, "सगळ्याच. घरात दुसऱ्या केल्याच नाहीत." तरी तो स्वयंपाकघरात गेला, चॉकलेटचं पाकीट मागितलं, बोट फिरवत अख्खं वाचलं, स्टार्चचंही वाचलं. लाल दोरा कशाला ते विचारलं. मग परत येऊन दोन घेतल्या, एक दोन्ही हातांत धरून खाल्ली आणि दुसरी खिशात टाकली. रात्री त्या खिशात चुरा सापडला.

आज सकाळी वहिनीचा फोन आला, तिला प्रमाण हवंय आणि जाताना गोळे बरोबर न्यायचेत. कच्चे गोळे फ्रीजरमध्ये किती दिवस राहतात?

मंदआच

दोन-तीन महिने आरामात. आधी ताटात सुटे सुटे गोठवा, मग हवाबंद पिशवीत भरा, म्हणजे चिकटणार नाहीत. गोठलेलेच ट्रेवर ठेवायचे, वेळ दोन मिनिटं जास्त. पिशवीवर तारीख आणि "ग्लुटेन-फ्री" लिहा, आणि वहिनींच्या फ्रीजरमध्ये ती सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवायला सांगा, म्हणजे वरून कशाचा चुरा त्यावर पडणार नाही.