विज्ञानकथा मालिकांमधले आघात आणि सावरणं: तरुण गटासाठी कोणते भाग घ्यावेत?

प्रश्न: रामबाग वाचनगट (इंदूर)

आमच्या वाचनगटातल्या मुलांनी यंदा पुस्तकांऐवजी विज्ञानकथा मालिका घ्यायचं ठरवलं आहे. दहाएक जण आहेत, वय १५ ते १९. निम्मे बारावीचे, बाकीचे भंवरकुव्याच्या कोचिंगला जाणारे. विषय त्यांनीच निवडला: जबर धक्का बसलेली तरुण पात्रं या मालिका कशी रंगवतात, आणि ती सावरतात ते पटतं का.

बैठका चारच आहेत, त्यामुळे अख्खी मालिका पाहणं शक्य नाही. सुटे पाहता येतील असे भाग हवेत. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ जवळपास सगळ्यांनी पाहिलंय. ते घ्यावं की नको? आणि बोलता बोलता एखाद्याने स्वतःचंच काही सांगायला सुरुवात केली तर काय करायचं? गटात समुपदेशक कोणी नाही. माहितगारांनी नेमकं सांगावं.

उत्तर: दुर्बीण

ताई, भाग निवडताना एकच चाळणी लावा. विज्ञानकथेत एखादं यंत्र, परग्रहवासी किंवा राक्षस येतो आणि आतली जखम डोळ्यांना दिसेल अशी करतो. ही या प्रकाराची मोठी ताकद आहे. पण त्याच यंत्राने पात्र बरंही होत असेल तर तो भाग सोडा. यंत्र बंद झाल्यावरही काम उरतं आणि ते माणसांना करावं लागतं, असा भाग घ्या.

या चाळणीतून पहिला वर येतो ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या पाचव्या सीझनमधला ‘हीरो वर्शिप’ (१९९२). ४५ मिनिटांचा आहे आणि आधीचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही. उद्ध्वस्त अंतराळजहाजावर टिमथी नावाचा एकच मुलगा जिवंत सापडतो. परक्यांनी हल्ला केला असं तो सांगतो, पण पुरावे जुळत नाहीत. मग तो डेटा या यंत्रमानवासारखा वागू लागतो: तसेच केस, तसेच कपडे, मान तिरकी करून बोलणं. यंत्रमानवाला भावना नसतात, म्हणून त्याला तेच व्हायचं असतं. इथे समुपदेशक ट्रॉय काय करते ते मुलांना बारकाईने पाहायला सांगा. ती नक्कल बंद करायला लावत नाही. उलट डेटाला सांगते की त्याला करू दे, तू सोबत राहा. खोटं उघडं पडल्यावरही कोणी रागावत नाही. तेव्हा खरी गोष्ट बाहेर येते: आपला हात चुकून कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या बटणांवर, पडला आणि त्यामुळे जहाज फुटलं, असं तो धरून बसलाय. ‘माझ्यामुळेच झालं’ ही समजूत वाचलेल्या मुलांमध्ये फार आढळते. ती निघते कशी, तर ‘तसं काही नाही रे’ म्हणून नाही. एका हाताच्या धक्क्याने तसं घडूच शकत नाही, हे त्याला नेमकेपणाने समजावलं जातं.

दुसरा, ‘डीप स्पेस नाइन’च्या सातव्या सीझनमधला ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’ (१९९८). नॉग हा तरुण अधिकारी लढाईत पाय गमावतो. कृत्रिम पाय उत्तम बसलाय, दुखायचं शारीरिक कारण डॉक्टरांना सापडत नाही, तरी तो काठी टेकत चालतो. मग तो होलोसूटमध्ये, म्हणजे भासमान जगात, राहायला जातो. तिथे व्हिक नावाचा गायक, तोही भासमानच, साठच्या दशकातल्या लास वेगासमध्ये त्याला आसरा देतो. भागाचे सरळ दोन तुकडे पडतात. पहिल्या अर्ध्यात हा आसरा औषधासारखा आहे: झोप, नियमित दिवस, क्लबच्या हिशेबाचं काम, कोणी प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या अर्ध्यात तोच आसरा लपायची जागा होतो. वळण कुठे येतं? भेटायला आलेल्या जिवलग मित्रावर, जेकवर, नॉग हात टाकतो तिथे. मुलांना ते आपलं आपण शोधू द्या. शेवटी नॉग जे बोलतो ते पायाबद्दल नसतंच. आपल्याला काही होणार नाही हा त्याचा भरवसा गेलाय आणि उद्या काहीही होऊ शकतं याची भीती बसलीय. तो कामावर परततो तोही हलक्या ड्युटीवर. हा शेवट मला फार प्रामाणिक वाटतो.

तिसरा अगदी छोटा, ११ मिनिटांचा: ‘स्टीव्हन युनिव्हर्स फ्यूचर’मधला ‘ग्रोइंग पेन्स’ (२०२०). कार्टून म्हणून बाजूला सारू नका. सोळा वर्षांचा स्टीव्हन डॉक्टरांकडे जातो आणि एक्स-रेमध्ये भरून आलेले जुने फ्रॅक्चर दिसतात. हाडं जुळली, पण संकट टळल्यावरही शरीर साध्या गोष्टीला प्राणांतिक धोक्यासारखं का घेतं, हे डॉक्टर कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकाचं नाव घेऊन समजावतात. टीव्हीवर इतकं सोपं आणि बरोबर स्पष्टीकरण क्वचितच ऐकायला मिळतं.

उत्तर: सुदामानगरी

दुर्बीण यांच्या यादीशी सहमत, फक्त नॉगच्या भागाबद्दल एक हरकत. व्हिक त्या भासमान जगाचा प्रोग्रामच बंद करतो आणि नॉगला बाहेर पडावं लागतं. त्याआधी समुपदेशक एझ्री येऊन नॉगला बाहेर काढण्याच्या विचाराला व्हिकला लावते हे खरं. तरीही ‘आधार काढून घ्या, आपोआप उभा राहील’ असा अर्थ आपल्याकडचे पालक पटकन लावतील. प्रत्यक्ष उपचारात भीतीच्या पायऱ्या लावतात, शून्य ते शंभर असे अंक देतात आणि खालच्या पायरीपासून चढतात, तेही त्या माणसाच्या संमतीने. हा फरक बैठकीत स्पष्ट सांगाच.

आता ‘स्ट्रेंजर थिंग्ज’. जरूर घ्या, कारण मुलांनी पाहिलंय म्हणजे त्यावर त्यांची मतं तयार आहेत. पण तीन धागे वेगळे ठेवा, एकत्र केलेत की गोंधळ होतो.

दुसऱ्या सीझनमधला (२०१७) विल, आदल्या वर्षी राक्षसाच्या जगात अडकून परतलेला मुलगा. डॉक्टर ओवेन्स आईला सांगतात की घटनेला वर्ष भरत आलं की त्रास उसळतो, त्याच्याशी नेहमीसारखं वागा. माहिती म्हणून हे बरोबर आहे. पण कथेत राक्षस खरा निघतो, त्यामुळे ‘डॉक्टरांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष प्रेक्षकाच्या हाती राहतो. त्याच सीझनच्या तिसऱ्या भागात आईचा मित्र बॉब विलला प्रेमाने सल्ला देतो की पळू नकोस, समोर उभा राहून ‘चालता हो’ म्हण. विल तसंच करतो आणि राक्षस त्याच्या आत शिरतो. चर्चेला यापेक्षा चांगला प्रसंग नाही: चांगल्या मनाने दिलेला, पूर्ण माहिती न घेता दिलेला सल्ला.

चौथ्या सीझनच्या (२०२२) चौथ्या भागातली मॅक्स. सावत्र भाऊ बिली गेला, आणि त्याचा राग करायचो ही टोचणी तिला आहे. शाळेतल्या समुपदेशकासमोर, सीझनच्या पहिल्या भागात, ती ‘ठीक आहे’ म्हणत राहते. डोकेदुखी, वाईट स्वप्नं, मित्रांपासून तुटणं, कानाला सतत हेडफोन, निरोपाची पत्रं, सगळं खरं. आवडतं गाणं तिला राक्षसाच्या पकडीतून परत आणतं तेही सर्वस्वी कल्पना नाही, ओळखीचा आवाज माणसाला ‘आत्ता, इथे’ आणतो. मात्र ते त्या क्षणापुरतं. त्याच सीझनच्या शेवटी मॅक्सची अवस्था काय होते (ती कोमात जाते) हे मुलांना ठाऊक आहे. गाण्याने ती बरी झाली का, असं त्यांनाच विचारा.

तिसरा, त्याच सीझनमधला, इलेव्हन या अद्भुत शक्ती गमावलेल्या मुलीचा टाकीतला प्रसंग. हा घेऊ नका, किंवा घ्यायचा तर चुका शोधायला घ्या. दडलेली आठवण जबरदस्तीने पुन्हा जगायला लावली की शक्ती परत येते, असं तिथे दाखवलंय. ती पळू पाहते तेव्हा तिला अडवलं जातं. आघातावरचा कुठलाही जबाबदार उपचार असा चालत नाही.

मालिकांची सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. मुलांसाठीची आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी उपचारपद्धती) साधारण १२ ते १६ बैठकांची असते आणि तिच्यात पालकही असतात. पडद्यावर ते ४५ मिनिटांत उरकतं. म्हणून प्रत्येक भागानंतर हा प्रश्न ठेवा: या दोन दृश्यांच्या मध्ये काय काय घडलं असेल, जे दाखवलं नाही? दहा मिनिटं लिहायला द्या. कागद गोळा करू नका.

उत्तर: चाफा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण गाडी तिथेच अडते.

तुमचा गट उपचारगट नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. प्रश्न कायम पात्राबद्दल ठेवा. ‘टिमथी खोटं का बोलला?’ चालेल. ‘तुमच्यापैकी कोणाला असं झालंय?’ हा प्रश्न विचारूच नका. सगळ्यांना बोलतं करण्याची घाई घातक ठरते. धक्क्यानंतर एकदाच बसवून सगळं बोलून घेण्याची पद्धत एके काळी सर्रास होती, पण आता जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका म्हणते.

दोन मोठी माणसं हवीत: एक चर्चा चालवायला, दुसरं दाराजवळ. दार उघडं, दिवे अर्धे चालू, आणि कधीही उठून जायची मुभा, कारण न देता. उठलेल्या मुलामागे दाराजवळच्याने जायचं, चर्चा चालवणाऱ्याने नाही. भागात काय येणार ते आदल्या दिवशी कळवा: मृत्यू, रक्त, अपघात, आत्महत्येचा उल्लेख. गोष्ट आधी फुटली तरी चालेल.

एखादं मूल मध्येच गोठलं, म्हणजे नजर स्थिर, हाक मारली तरी उत्तर नाही, तर अंगाला हात लावू नका. समोरून नाही, जरा बाजूला बसा. त्याचं नाव घ्या, आपलं नाव सांगा, आज कोणता वार आहे आणि आपण कुठे आहोत ते सांगा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, मग खोलीतल्या दिसणाऱ्या पाच वस्तू, ऐकू येणारे तीन आवाज. गार पाण्याचा पेला हातात द्या. ‘डोळे मिटून खोल श्वास घे’ टाळा, डोळे मिटले की काहींना तेच चित्र पुन्हा दिसतं. काय आठवलं ते विचारू नका. शांत झाल्यावर घरी कोण नेणार ते ठरवा आणि दुसऱ्या दिवशी फोन करा.

गुप्ततेचं वचन देऊ नका. अठराच्या आतल्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून सुरुवातीलाच हे वाक्य ठेवा: ‘इथलं बाहेर जाणार नाही, पण कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर मला मदत घ्यावीच लागेल.’ १४४१६ (टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) आणि मुलांसाठी १०९८ हे दोन्ही नंबर फळ्यावर लिहून ठेवा, सगळ्या बैठकांना, म्हणजे कोणा एकासाठी लिहिले असं वाटणार नाही. प्रत्यक्ष दाखवायचं तर बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. घटनेनंतर पहिल्या काही दिवसांत झोप उडणं, दचकणं स्वाभाविक असतं. महिन्यापुढे टिकलं, किंवा शाळा-जेवण सुटलं, तर तज्ज्ञाकडे न्या. स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर महिन्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी.

रामबाग वाचनगट

तिघांचेही मनापासून आभार. दोनच गोष्टी विचारते. चार बैठकांचा क्रम कसा लावू? आणि नेटफ्लिक्स हॉलमधल्या पडद्यावर लावलं तर चालेल का?

उत्तर: दुर्बीण

नाही चालणार. नेटफ्लिक्सचं खातं त्यांच्या अटींप्रमाणे वैयक्तिक, घरगुती वापरापुरतं असतं. बाकीच्या मालिकांनाही सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क वेगळा लागतो. भाग घरी पाहून यायला सांगा, बैठकीत फक्त बोला. यात एक फायदाही आहे: ज्याला जड जाईल तो घरी मध्येच थांबवू शकतो, सगळ्यांसमोर उठावं लागत नाही. हिंदी डबिंगमध्ये पाहणाऱ्यांना एवढंच सांगा की मॅक्स आणि समुपदेशकाचा प्रसंग मूळ आवाजात, सबटायटल लावून ऐका. तिथे अडखळणं आणि थांबणंच महत्त्वाचं आहे.

क्रम असा लावा: आधी ‘ग्रोइंग पेन्स’, छोटा आहे आणि शरीरात काय होतं त्याची भाषा हाती येते. मग टिमथी. तिसरा नॉग, सुदामानगरींची पायऱ्यांची गोष्ट जोडून. मॅक्स शेवटी, कारण तिथे आत्महत्येच्या विचारांची छाया आहे आणि तोवर गट एकमेकांना ओळखू लागलेला असेल. चौथ्या सीझनच्या पहिल्या भागाचा शेवट फार क्रूर आहे, ज्यांनी पाहिला नाही त्यांना मुद्दाम पाहायला लावू नका.

बैठक ७५ मिनिटांची पुरे. पाच मिनिटं नियम, दहा मिनिटं लिखाण, पन्नास मिनिटं चर्चा, आणि शेवटची दहा मिनिटं साधं बोलणं, चहा-पोहे. जड विषयावरून थेट गाडीवर बसून घरी पाठवू नका. तारखा ठरवताना बोर्डाच्या निकालाचा आठवडा आणि अनंत चतुर्दशी टाळा. झांक्यांच्या (मिरवणुकीतल्या चित्ररथांच्या) रात्री राजवाड्याच्या बाजूला ढोल आणि लाउडस्पीकर इतके असतात की शांतपणे बोलणं अशक्य, आणि अचानक मोठ्या आवाजाला दचकणारं मूल गटात असेल तर त्याला ती संध्याकाळ फार कठीण जाईल.

उत्तर: चाफा

एक राहिलं. पालकांना आधी निरोप पाठवा: मालिकांची नावं, भागांचे क्रमांक, विषय आणि तुमचा फोन. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ १६ वर्षांवरच्यांसाठी आहे, त्यामुळे गटातल्या पंधरा वर्षांच्यांना चौथी बैठक ऐच्छिक ठेवा आणि त्यांच्या पालकांचा होकार लेखी घ्या.