राष्ट्रीय ग्रंथालय म्हणजे गोदाम?

परभणीकर: काल उदगीरच्या एका भाऊंनी लिहिलं, "कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात २२ लाखांवर पुस्तकं पडून आहेत. वाचतं कोण? ते गोदाम बंद करून पैसा खेड्यातल्या वाचनालयांना द्या." राहवलं नाही म्हणून लिहितो. ते वाचनालय नाहीच, देशाचा दप्तरखाना आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकानं नव्या पुस्तकाची प्रत ३० दिवसांत स्वखर्चानं तिथं पाठवायची. शिवाय मुंबई, चेन्नई, दिल्लीला एकेक. त्या कायद्यात पुस्तिका येते, नकाशाही येतो. १९५६ पासून वर्तमानपत्रंही आली. चांगलं-वाईट निवडायचा अधिकारच ग्रंथालयाला ठेवला नाही, आणि तेच बरोबर आहे.

आपलं दुखणं आधीचं आहे. १८६७ चा छपाई-नोंदणीचा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. आपण मराठवाडेवाले १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथं छापलेलं तिकडं नोंदवलं जाण्याची सोयच नव्हती. ते भगदाड आता बुजत नाही. आणि तुम्ही नंतरचंही बंद करा म्हणता?

उदगीरचा वाचक: गोदामच म्हटलं, परत म्हणतो. आमच्या गावचं वाचनालय 'ड' वर्गात, म्हणजे सगळ्यात खालच्या. पावसाळ्यात कपाटावर प्लास्टिक टाकावं लागतं. अनुदान येईपर्यंत ग्रंथपाल दुसऱ्याच्या दुकानात बसतो. स्पर्धा परीक्षेची पोरं फाटकी पुस्तकं वाटून वाचायलेत. त्यांना कोलकात्याच्या त्या ग्रंथालयाच्या, अलिपूरमधल्या बेल्व्हेडियरच्या बंगल्याचं काय करायचं?

बीडची लेक: दादा, तुमचं छत गळतं हे खरं. पण माझं ऐका. १९७२ च्या दुष्काळावर काम करताना मला आमच्या जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाचे अंक हवे होते. खडी फोडणाऱ्या बायांची मजुरी, कामावर खायला मिळणारी सुकडी, कुठल्या गावानं मोर्चा काढला, सगळं त्यात आलेलं. संपादकांच्या घरी गेले. घर बांधताना मुलांनी गठ्ठे रद्दीत घातले होते. गावच्या वाचनालयातही नाहीत, जुने अंक तेही रद्दीतच काढतात. कोलकात्याला पाठवलेच नव्हते. माझी आजी त्या कामावर होती. तिच्याबद्दल छापलेलं आता कुठंच नाही.

नांदेडचा छापखानेवाला: पाठवणार कामून? कवितासंग्रह तीनशे प्रतींचा. त्यातल्या चार टपालानं घालवायच्या, कोलकात्याची तर चांगल्यातल्या कागदावरची. नाही पाठवल्या तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. कोण भितं? आणि हल्ली छापायला येतात ते प्राध्यापक! पदोन्नतीचे गुण हवेत म्हणून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, घ्यायचा, विद्यार्थ्यांचे प्रकल्प जोडून पुस्तक करायचं. हा कचरा देशानं कशाला सांभाळायचा?

लातूरचे सर: तोंड सांभाळून बोला. मी पदरचे पैसे घालून बोलीवर पुस्तक काढलं, गावोगाव फिरून शब्द गोळा केले. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. कचरा छापून पैसे कोण घेतं?

नांदेडचा छापखानेवाला: पैसे घेतो, पण पुस्तक न वाचता प्रस्तावना लिहिणाऱ्यांत मी नाही.

लातूरचे सर: नाव घेऊन बोला.

बीडची लेक: सर, दोघंही थांबा. कचरा कोण ठरवणार? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायच्या, नामांतराच्या वेळी, १९७८ ला, दोन्ही बाजूंच्या पुस्तिका निघाल्या. तेव्हा त्या चहाच्या टपरीवर पुडी बांधायला जात होत्या. आज मला दोन्ही बाजूंच्या हव्यात, विखार असलेल्याही. नाहीतर १९९४ ला नाव बदललं एवढंच उरतं, घरं कोणी जाळली ते उरत नाही.

परभणीकर: हेच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय दिल्लीत आहे. तिथून मराठी पुस्तकं विकत घेऊन वॉशिंग्टनला जातात. त्यांच्याकडं १७ कोटींवर वस्तू आहेत. ते विकत घेऊन ठेवतात, आपण कायदा असून फुकट पाठवत नाही.

उदगीरचा वाचक: अमेरिकेचं सांगू नका, त्यांच्या खेड्यातल्या वाचनालयांचं छत गळत नसेल. ताईंच्या आजीचं वाचून मात्र वाईट वाटलं. बंद करा हा शब्द मागं घेतो. पैशाचा मुद्दा सोडत नाही. आमच्या वाचनालयात हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी दिलेल्या जुन्या पुस्तिका आहेत. कोलकात्याहून कोणी कधी मागायला आलं?

बीडची लेक: कुठल्या सालच्या? दादा, त्या आधी प्लास्टिकखालून काढा. कोरड्या कपाटात ठेवा, मी रविवारी येते.

नांदेडचा छापखानेवाला: पत्ते टाका चारही ठिकाणचे. यापुढं टपालाचा खर्च कवीच्या बिलातच धरीन.