चर्चा: कॉन्फिगरेशन @व्हॅल्यूने घ्यावं की वेगळ्या वर्गातून?

खाडीकाठ
स्प्रिंग बूटमध्ये (जावात अॅप लिहायची तयार चौकट) @व्हॅल्यू, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधली एक किंमत थेट कोडमध्ये आणणारी खूण, वापरणं बंद करावं, असं माझं ठाम मत आहे. दाभोळ–धोपावे फेरीबोटीचं बुकिंग अॅप धरा. ‘एका फेरीत गाड्या किती’ ही की (सेटिंगचं नाव) तीन सर्व्हिसमध्ये, म्हणजे अॅपच्या तीन भागांत, @व्हॅल्यूने घेतली आणि तिन्हीकडे कोलननंतर वेगवेगळा डिफॉल्ट (की न सापडल्यास वापरायचा आकडा) दिला, तर फाइलमध्ये कीचं एक अक्षर चुकलं तरी अॅप बिनतक्रार चालू होतं आणि तीन सर्व्हिस तीन आकड्यांवर गाड्या घेत राहतात. शिवाय फिल्डवरची (वर्गातल्या व्हेरिएबलवरची) @व्हॅल्यू कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणारा कोड, संपल्यावर भरली जाते. कन्स्ट्रक्टरमध्ये वाचाल तर इंट (आकडा) शून्य, स्ट्रिंग (मजकूर) नल, म्हणजे रिकामी. स्टॅटिक फिल्डमध्ये (सगळ्या ऑब्जेक्टना सामायिक) ती येतच नाही.
त्यापेक्षा एक रेकॉर्ड (फक्त किमती ठेवणारा छोटा वर्ग) करा, त्याला @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज (सेटिंगचा गट एकत्र भरणारी खूण) आणि @व्हॅलिडेटेड (किमती तपासायला सांगणारी) लावा, गाड्यांच्या आकड्याला @मिन(१), म्हणजे किमान एक. आकडा चुकीचा असेल तर अॅप उठतच नाही.

सुरंगी
दोष फिल्डचा आहे, @व्हॅल्यूचा नाही. कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर लावा, म्हणजे टेस्टमध्ये साधं ‘न्यू’ करून आकडा देता येतो. डिफॉल्ट देऊ नका; की सापडली नाही तर ‘कुड नॉट रिझॉल्व्ह प्लेसहोल्डर’ म्हणून अॅप तिथेच थांबतं. उलट तुमच्या रेकॉर्डमध्ये अनोळखी की मुकाट सोडून दिली जाते आणि स्ट्रिंग नल राहते. @नॉटनल (नल चालणार नाही, ही अट) विसरलात की गत तीच.
लॉम्बॉककडून (ठरावीक जावा कोड आपोआप लिहिणारं साधन) कन्स्ट्रक्टर करून घेणाऱ्यांनी मात्र लॉम्बॉक.कॉन्फिगमध्ये फिल्डवरची @व्हॅल्यू कन्स्ट्रक्टरवर कॉपी करायला सांगावं, नाहीतर स्प्रिंग स्ट्रिंग प्रकारचं बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) मागतं.

खाडीकाठ
@नॉटनल हवंच, मान्य. रेकॉर्डच्या आत दुसरं रेकॉर्ड असेल तर त्याच्याही अटी तपासायला @व्हॅलिडही हवं. आणि बूट २.३ पासून वेब स्टार्टरबरोबर (वेब अॅपसाठीच्या लायब्ररींचा तयार संच) व्हॅलिडेशन, म्हणजे ही तपासणी, येत नाही, त्याचा स्टार्टर वेगळा घालावा लागतो.
पण कंटेनरमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं, म्हणजे फाइलऐवजी बाहेरून दिलेल्या सेटिंगचं, काय? @व्हॅल्यूत की कॅमलकेसमध्ये (शब्द जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) लिहिली तर कॅपिटलमधलं व्हेरिएबल जुळत नाही. लहान अक्षरं आणि हायफन असेल तरच जुळतं. तेही व्हेरिएबलमध्ये हायफन गाळून, त्याच्या जागी अंडरस्कोर घालून नव्हे. एका-दोघांना हे ठाऊक असतं, सगळ्या टीमला नसतं.

तांडेल
तुमचं दोघांचं चालू द्या, पण त्याआधी यॅमल, म्हणजे सेटिंगची फाइल ज्या पद्धतीत लिहितात ती, बघा. रत्नागिरीचा एसटीडी कोड ०२३५२ अवतरणाशिवाय लिहिला तर सुरुवातीच्या शून्यामुळे तो अष्टमान (फक्त ० ते ७ अंकांची) संख्या धरला जातो आणि हातात १२५८ येतो. दापोलीचा ०२३५८ त्यातल्या ८ मुळे स्ट्रिंगच राहतो, म्हणून दापोलीवर टेस्ट केलं तर सगळं ठीक दिसतं. वेळेचंही तसंच: १८:३० चे साठच्या पटीत मोजून १११० होतात, ०६:३० मात्र शाबूत. दोन्हींना अवतरणं द्या.
आणि पावसाळी मासेमारीबंदीच्या तारखा, १ जून ते ३१ जुलै, दोन्ही पद्धतींत घालू नका. इंजेक्शन, म्हणजे किंमत भरणं, बीन तयार होताना एकदाच होतं. तारीख बदलली की रीस्टार्ट आलाच. त्या डेटाबेसमध्ये ठेवा.

सुरंगी
तारखांचं पटलं. गाड्यांच्या आकड्याला मात्र कन्स्ट्रक्टरमधली एक @व्हॅल्यू पुरते, त्यासाठी रेकॉर्ड नको.

खाडीकाठ
तो आकडा एकाच सर्व्हिसला लागत असेल तोवर. दुसरीने मागितला की रेकॉर्ड करा.