थर सुटण्याबद्दल

वेट प्लेटमध्ये, म्हणजे काचेवर ओला थर देऊन फोटो काढायच्या जुन्या पद्धतीत, धुताना कोलोडियनचा (ईथर-अल्कोहोलमधल्या चिकट द्रावणाचा) थर कडेपासून सुटतो असं लिहिलंय ना तुम्ही, माझंही सुरुवातीला अगदी तसंच व्हायचं, पहिल्या आठ-दहा प्लेटा नळाखालीच वाहून गेल्या. बहुतेक वेळा दोष काचेचा असतो हो, केमिकलचा नाही. काचेच्या चारही कडा पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा, मग खडूची बारीक पूड आणि अल्कोहोलने काच इतकी पुसा की तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडली तर ती सगळीकडे सारखी धरली पाहिजे, आणि तरीही सुटलंच तर कडेने पाण्यात फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवून वाळवा, मग थर घट्ट धरतो.

दुसरं म्हणजे आपला उकाडा. कोलोडियनमधलं ईथर भराभर उडतं, थर वाळायच्या आत फोटो काढून डेव्हलप करायला पुस्तकात दहा-पंधरा मिनिटं दिलीयत पण मे महिन्यात गिरगावात मला त्याच्या निम्मीही मिळत नाहीत. मी पहाटे करतो, डेव्हलपरची (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची) बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून, त्यात ॲसिटिक ॲसिड जरा वाढवून.

आणि बाथरूममध्ये करत असाल तर गॅस गीझर बंद म्हणजे बंद, ईथरची वाफ पेट घेते. काच प्रकाशाला संवेदनशील करणारं सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते, गॉगल घालाच. फिक्सरला (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाला) सायनाइड नको, हायपो (सोडियम थायोसल्फेट) पुरतो.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ही पद्धत छापली आणि १८५४ ला आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा, डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी त्यात होते. त्यांनीही हाच उकाडा सोसला असणार, मला फार जवळचे वाटतात ते. पुढची प्लेट झाली की फोटो टाका नक्की.