जिम्नीचा पॅनहार्ड रॉड: विकत घ्यावा की बनवून घ्यावा?

प्रश्न (फोंडा):
माझी जिम्नी (मारुती सुझुकीची ४x४ गाडी) उंच स्प्रिंग घालून २ इंच उचलल्यापासून मागचा ॲक्सल एका अंगाला सरकला असून त्या बाजूचे चाक बोटभर बाहेर दिसते. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून त्याला चॅसिसशी जोडणारा दांडा) तयार घ्यावा, की वेर्ण्याच्या लेथवर बनवून घ्यावा?

उत्तर (म्हापसा):
एका टोकाला उजवे व दुसऱ्याला डावे आटे पाडले, तर रॉड न काढता मधली नळी फिरवून लांबी जुळवता येते, आणि एवढे काम कोणताही चांगला टर्नर करील. खरी अडचण वेल्डिंगची आहे, कारण वळणावर ॲक्सलचा आडवा भार याच रॉडवर येतो. साध्या जोडाच्या पाइपचा मी बनवून घेतलेला रॉड दुसऱ्याच पावसाळ्यात वेल्डलगत तडकला. तेव्हापासून विकतचाच वापरतो.

उत्तर (काणकोण):
बनवायचाच असल्यास सीमलेस (बिनजोडाची) नळी आणि टोकांच्या सांध्यांत रबरी बुश घ्यावेत, कारण धातूचे बॉल-जॉइंट आपल्या तांबड्या धुळीत लवकर सैल होऊन खडखडू लागतात. आट्यांना ग्रीस लावावे, अन्यथा खाऱ्या हवेत लॉकनट (जुळवलेली लांबी पक्की करणारा नट) गंजून असा धरतो की शेवटी कापावाच लागतो. लांबी मात्र गाडी जॅकवर नव्हे, चाकांवर उभी असताना जुळवावी.

प्रश्नकर्ता:
तडकलेल्या वेल्डचे वाचून विकतचाच मागवला.