मॅजेंटा ड्रम १०० टक्क्यांच्या पुढे तरी प्रिंट स्वच्छ, सायन अर्ध्यावर आणि लाइन येतेय. बदलू कुठला?

छापखाना_नवा
नमस्कार मंडळी. प्रॉडक्शन कलर मशीन नुकतंच माझ्या ताब्यात आलंय. आधी काळ्या-पांढऱ्या मशीनवर होतो, त्यामुळे कागद अडकला किंवा टोनर संपला तर घाबरत नाही. अडतंय ते पार्टच्या यादीत. स्क्रीनवर प्रत्येक पार्टपुढे त्याचं आयुष्य किती वापरून झालं त्याची टक्केवारी दिसते. मॅजेंटाचा (गुलाबी-जांभळ्या रंगाचा) ड्रम, म्हणजे ज्यावर टोनर चिकटून चित्र तयार होतं तो गोल नळा, १०० ओलांडून गेलाय, छपाई मात्र स्वच्छ. सायनचा (निळसर रंगाचा) ड्रम आधीच्या ऑपरेटरने मधेच बदलला होता, तो जेमतेम अर्ध्यावर आहे, आणि नेमकी त्याच रंगात उभी लाइन येते, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवाय आमची निम्म्याहून जास्त पानं नुसती काळी असतात, तरी कलर ड्रमची टक्केवारी काळ्याच्या पाठोपाठ वाढते. पानं मोजून हिशेब लावायला गेलो तर कुठेच जुळत नाही. वेळापत्रक पाळायचं की प्रिंट बघून ठरवायचं?

सर्व्हिसवाली
आधी लाइनचं बोलू, नाहीतर चांगला ड्रम हकनाक काढून टाकाल. लाइन आजूबाजूच्या रंगापेक्षा गडद आहे की फिकी? नुसत्या सायनची, साधारण अर्ध्या गडदपणाची सपाट छटा पूर्ण कागदभर काढा आणि उजेडात तिरकी धरून बघा. गडद असेल तर चार्ज देणारी तार मळली आहे का ते बघा, किंवा ड्रम पुसणाऱ्या ब्लेडच्या कडेला खाच पडली असेल. फिकी असेल तर बहुधा लेझरच्या वाटेतल्या काचेवर धूळ किंवा टोनर बसलाय: तेवढ्या जागी उजेडच ड्रमवर पोचत नाही, मग टोनर कसा चिकटणार? ती काच पुसायला बऱ्याच मशीनमध्ये दांडी दिलेली असते. पुसा, पुन्हा तीच छटा काढा.

आणि लाइन सलग नसून ठरावीक अंतराने ठिपका किंवा डाग येत असेल तर पट्टी घेऊन अंतर मोजा. जो गोल भाग फिरतो त्याचा व्यास गुणिले ३.१४ एवढ्या अंतराने डाग परत येतो. ३० मिमी व्यासाच्या ड्रमचा डाग साधारण ९४ मिमीवर, ६० मिमीचा असेल तर १८८ मिमीवर. तुमच्या मशीनच्या सर्व्हिस पुस्तकात रोलरनिहाय अंतरांचा तक्ता असेल तर त्याची प्रत मशीनजवळ लावून ठेवा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

आता टक्केवारी. ड्रमची झीज पानांनी होत नाही, फिरण्याने होते. ब्लेड त्याच्यावर घासत असते, चार्ज होत असतो, कागद येवो न येवो. एक प्रत काढायची तरी मशीन आधी फिरून तयार होतं, नंतर फिरून थांबतं. पाचशे प्रतींच्या एका जॉबमध्ये हे फिरणं एकदाच होतं, पाचशे वेगवेगळ्या एक-एक प्रतींत पाचशे वेळा. म्हणून किरकोळ कामं जास्त असलेल्या मशीनचे ड्रम पानांच्या आकड्यापेक्षा फार आधी संपतात. तुमच्या काळ्या पानांचं कोडंही इथेच सुटेल. फाइलमध्ये मधे मधे एखादं रंगीत पान असलं की बऱ्याच मशीनमध्ये चारही ड्रम फिरतच राहतात. नुसत्या काळ्या जॉबला ऑटो कलर न ठेवता काळा मोड निवडा, आणि मशीन त्या मोडमध्ये कलर ड्रमपासून बेल्ट (ड्रमवरचं चित्र कागदापर्यंत नेणारा पट्टा) दूर करतं का ते विचारून घ्या.

मॅजेंटा १००च्या पुढे गेला म्हणून आजच फेकू नका. पण नवा मागवून जवळ ठेवा. माझी पद्धत सांगते: टक्केवारी पार्ट मागवायची वेळ सांगते, प्रिंट पार्ट बदलायची. अपवाद डेव्हलपरचा, म्हणजे टोनर ड्रमपर्यंत नेणाऱ्या भुकटीचा. तो थकतो तेव्हा आधी रंग हळूहळू डळमळतो, आणि ते नजरेला उशिरा कळतं. फार फिकी कामं सतत केली तरी तो लवकर थकतो, कारण टोनर खर्च होत नाही, आतच ढवळला जातो.

कागद_तज्ज्ञ
फ्यूजरही (टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणारा भाग) याच यादीत बघा. रोज त्याच रुंदीचा अरुंद कागद गेला की कागदाच्या कडा रोलरवर एकाच जागी घासतात. मग मोठ्या शीटवर गडद चित्र छापलं की त्या जागी दोन चकचकीत रेघा दिसतात. टक्केवारी तेव्हा ४० असू शकते! आम्ही रुंद आणि कोटेड कागदाचे महत्त्वाचे जॉब फ्यूजर नवा असतानाच उरकतो. फीड रोलरचं (कागद आत ओढणाऱ्या रोलरचं) तर कागदावरच अवलंबून. भुकटी सोडणारा कागद वापरला की रोलर झिजायच्या आधीच घसरतो. ओलसर कपड्याने पुसून बघा, नुसत्या तेवढ्यानेही पुष्कळदा चालतो.

छापखाना_नवा
ताई, लाइन फिकीच होती. काच पुसली, पहिल्या छटेत निम्मी कमी झाली, दुसऱ्यांदा पुसल्यावर गेली. सायन ड्रमला हात लावला नाही. एक शंका उरली. मॅजेंटा बदलेन तेव्हा ब्लेडही बदलायची का? आणि टक्केवारीचा काउंटर शून्य कधी करायचा?

सर्व्हिसवाली
छान. काचेवर पुन्हा लवकर धूळ बसली तर आतला धूळ ओढणारा फिल्टर आणि डेव्हलपरभोवती टोनर सांडतोय का ते बघा.

ब्लेड आणि ड्रम बहुतेक मशीनमध्ये एकाच युनिटमध्ये येतात. सुट्या मिळत असतील तर दोन्ही बरोबर बदला. जुन्या ब्लेडची कड जुन्या ड्रमवर बसलेली असते, नव्यावर ती नीट लागत नाही आणि टोनर मागे सोडते. ड्रम काढला की काळ्या कापडात गुंडाळा, उजेडात उघडा राहू देऊ नका.

काउंटर फक्त तो पार्ट खरोखर बदलल्यावरच शून्य करायचा, तोही त्याच रंगाचा. डेव्हलपरचं वेगळं: नवा भरल्यावर मशीनला त्याची सुरुवातीची तपासणी करू द्यावी लागते, तेव्हा ते टोनरच्या प्रमाणाची खूणगाठ बांधतं. जुन्या डेव्हलपरवर हा उपद्व्याप कधीही करू नका, चुकीचं प्रमाण खरं मानून मशीन रंग बिघडवत राहील. शेवटी कॅलिब्रेशन (मशीनचे रंग पुन्हा जुळवणं) घ्या, आणि कुठला पार्ट कुठल्या आकड्यावर, कशासाठी बदलला ते वहीत लिहा. "संपला म्हणून" आणि "लाइन आली म्हणून" हे वेगवेगळं लिहा. पुढच्या वेळी तुमच्या कामाला खरंच किती टक्के मिळतात ते तुम्हाला त्या वहीतूनच कळेल.