श्वासनलिकेत ट्यूब टाकताना पहिला प्रयत्न व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनेच व्हावा का?

फिरता भूलतज्ज्ञ : लॅरिंगोस्कोप म्हणजे जीभ उचलून घशात पाहण्याचे उपकरण; त्याचे मॅकिन्टॉश यांचे वक्र ब्लेड १९४३ सालचे. जीभ डावीकडे सारायची, हँडल उचलायचे आणि वाकून स्वतःच्या डोळ्यांनी स्वरतंतू शोधायचे, हे आपण आजही करतो. टोकाशी कॅमेरा असलेले व्हिडिओ लॅरिंगोस्कोप मात्र ‘अवघड केस’साठी कपाटात पडून असते. माझ्या मते ते प्रत्येक रुग्णाला पहिल्या प्रयत्नापासूनच वापरावे. अमेरिकेतील १७ आपत्कालीन आणि अतिदक्षता विभागांतील १,४१७ रुग्णांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिव्हाइस’ चाचणीत पहिल्याच प्रयत्नात ट्यूब गेली ती व्हिडिओने ८५.१ टक्के रुग्णांत आणि साध्या ब्लेडने ७०.८ टक्के रुग्णांत. प्रयत्न हुकत गेले की घसा सुजतो, रक्त येते आणि पुढचा प्रयत्न आणखी कठीण होतो, हे येथे कोणाला सांगायला नको.

जुना मास्तर : आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच दिले आहेत. त्याच चाचणीत गंभीर गुंतागुंत व्हिडिओ गटात २१.४ टक्के आणि दुसऱ्या गटात २०.९ टक्के होती. म्हणजे ट्यूब लवकर गेली, तरी रुग्णाच्या पदरात त्याहून जास्त काही पडल्याचे दिसले नाही. शिवाय ९१.५ टक्के रुग्णांत ट्यूब टाकणारे शिकाऊ डॉक्टर होते. फ्रान्समध्ये अतिदक्षता विभागांतील ३७१ रुग्णांवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत तर पहिल्या प्रयत्नाचे यश व्हिडिओने ६७.७ आणि साध्या ब्लेडने ७०.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. पडद्यावर स्वरतंतू आरशासारखे लख्ख दिसतात, विद्यार्थी खूश होतो, आणि ट्यूब मात्र उजव्या ॲरिटेनॉइडवर (स्वरतंतूंमागच्या कूर्चेवर) अडून बसते. दिसणे आणि जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अतिदक्षतावाली : सर, शिकाऊ हात हा त्या चाचणीचा दोष कसा? पहाटे तीन वाजता माझ्या विभागात ट्यूब टाकतो तो निवासी डॉक्टरच, आपण नव्हे. आणि शिकवण्याचे म्हणाल, तर पूर्वी आपण “दिसतंय का?” विचारायचो, तो घाबरून “दिसतंय” म्हणायचा आणि ट्यूब अन्ननलिकेत असायची. आता तो काय पाहतो आहे, ते मलाही दिसते. केवळ गंभीर रुग्णांचा प्रश्न आहे असेही नाही. क्लीव्हलँड येथे ८,४२९ शस्त्रक्रियांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकापेक्षा जास्त प्रयत्न लागले ते व्हिडिओ गटात १.७ टक्के आणि साध्या ब्लेडच्या गटात ७.६ टक्के वेळा.

जुना मास्तर : तो अभ्यास जास्त वाकड्या ब्लेडचा होता, हे लक्षात घ्या. त्या ब्लेडने थेट नजर लागतच नाही आणि ट्यूबमध्ये त्याच वळणाचा कडक स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी तार) घालावा लागतो. त्यावरच वाढलेल्या पोराची बॅटरी संपली, किंवा उलटी आणि रक्ताने लेन्स माखली, तर तो काय करणार? शिकवण्याचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. म्हणूनच मी मॅकिन्टॉशच्याच आकाराचे व्हिडिओ ब्लेड देतो. विद्यार्थी तोंडात पाहतो, पडदा माझ्याकडे वळवलेला असतो.

फिरता भूलतज्ज्ञ : या तडजोडीला माझी हरकत नाही, उलट माझे निम्मे म्हणणे तुम्ही मान्य केलेत. पण माझी अडचण वेगळी आहे. मी दिवसाला तीन-चार नर्सिंग होम करतो आणि लॅरिंगोस्कोप माझ्याच बॅगेत असतो, म्हणजे नवे उपकरण घ्यायचे तर ते मलाच घ्यावे लागते.

अतिदक्षतावाली : आणि कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र?

फिरता भूलतज्ज्ञ : दोन ठिकाणी आहे. बाकीच्या ठिकाणी छातीवर स्टेथोस्कोप आणि सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचा) आवाज.

अतिदक्षतावाली : मग तुमचा क्रम चुकतो आहे, आणि दिसणे वेगळे, जाणे वेगळे, या मुद्द्यावर मी सरांच्या बाजूने आहे. ब्रिटनच्या २०११ च्या राष्ट्रीय श्वासमार्ग पाहणीत अतिदक्षता विभागांतील श्वासमार्गाशी निगडित मृत्यू आणि मेंदूची कायमची हानी यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक घटनांत कॅप्नोग्राफी न वापरणे हे कारणांपैकी एक असावे, असे आढळले. ट्यूब अन्ननलिकेत गेली, तर सॅच्युरेशन खाली यायला काही मिनिटे जातात. कार्बन डायऑक्साइडची रेघ पहिल्या काही श्वासांतच सपाट दिसते.

फिरता भूलतज्ज्ञ : पटले. पहिल्या प्रयत्नाबद्दलचे मत मी बदलत नाही, परंतु पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी कॅप्नोग्राफ. बॅगेत मावेल असा, बॅटरीवर चालणारा कोणी वापरत असेल, तर त्याचा अनुभव येथे लिहावा.